एका जजमुळे प्रेसिडेंट बदलला?

प्रश्न: 1876 च्या अमेरिकन इलेक्शनमध्ये डेव्हिड डेव्हिस नावाच्या जजने ऐनवेळी अंग काढून घेतलं म्हणून डेमोक्रॅट उमेदवार टिल्डन हरला असं ऐकलं. हा लिंकनचा दोस्त तोच का? आणि एकट्या जजमुळे एवढं कसं होईल?

उत्तर: हो, तोच. जन्म 1815 चा, मेरीलँडचा. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला वकिली थाटली, मधे आमदारकी केली आणि 1848 पासून आठव्या सर्किटचा जज. तेव्हा जज आणि वकील मंडळी घोड्यावरून, बग्गीतून गावोगाव फिरून कोर्ट भरवायची, त्यात लिंकनही असायचा, आणि कधी डेव्हिस नसला की जजच्या खुर्चीत चक्क लिंकनच बसायचा. 1860 ला रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनला तिकीट मिळावं म्हणून सगळ्यात जास्त धावपळ यानेच केली आणि 1862 मध्ये लिंकनने त्याला सुप्रीम कोर्टात नेमलं. वशिला म्हणा हवं तर! पण 1866 च्या मिलिगन केसमध्ये यानेच निकाल लिहिला की साधी कोर्टं चालू असताना सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येणार नाही, आणि मिलिगनला फाशी सुनावणारं लष्करी कमिशन लिंकनच्या काळातलंच होतं.

आता मूळ प्रश्न. टिल्डनकडे 184 इलेक्टोरल मतं (राज्यांच्या प्रतिनिधींची, ज्यांवर प्रेसिडेंट ठरतो ती) होती, हवी होती 185, आणि 20 मतांवरून भांडण पेटलेलं. म्हणून ते मिटवायला 15 जणांचं कमिशन काढलं, त्यात सात रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट आणि पंधरावा डेव्हिस असणार असं सगळे धरून चालले होते, कारण तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. नेमकं तेव्हाच, जानेवारी 1877 मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळाने त्याला सिनेटर म्हणून निवडलं, तेही डेमोक्रॅट्सच्या मतांवर, आणि गडी कमिशनमधून बाजूला झाला. सुप्रीम कोर्टात उरलेले बाकीचे जज रिपब्लिकनच, त्यातला ब्रॅडली आला, वादाचा प्रत्येक मुद्दा 8 विरुद्ध 7 ने सुटला आणि रिपब्लिकन उमेदवार हेज 185 वर प्रेसिडेंट झाला.

डेव्हिसने टिल्डनलाच कौल दिला असता असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण टिल्डनला वीसातलं एकच मत पुरेसं होतं, म्हणून मला तरी वाटतं डेमोक्रॅट्सनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

गंमत म्हणजे 1881 मध्ये प्रेसिडेंट गारफिल्ड गेल्यावर त्याचा व्हाइस प्रेसिडेंट आर्थर प्रेसिडेंट झाला, व्हाइस प्रेसिडेंटची जागा रिकामी राहिली आणि डेव्हिस सिनेटचा हंगामी अध्यक्ष होता, म्हणजे आर्थरला काही झालं असतं तर पुढचा नंबर याचाच.