बार्शी लाईटचं इंजिन घरी करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: माझे आजोबा कुर्डुवाडीला होते, वारीच्या दिवसात बार्शी लाईटच्या, म्हणजे त्या भागातल्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, गाड्या टपापर्यंत भरून पंढरपूरला कशा जायच्या हे त्यांच्याकडून खूप ऐकलंय. मी एचओई (मॉडेल गाड्यांचं एक माप) मधलं एक सेकंडहँड छोटं स्टीम इंजिनाचं मॉडेल घेतलंय, सहा चाकांचं, युरोपियन दिसणारं, ९ मिमीच्या रुळावर चालतं. ते कापून बार्शीचं करता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर: येईल, पण करवत आत्ता हातात घेऊ नका. आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बघू, कारण इथे तुमचं नशीब खरंच चांगलं आहे. बार्शी लाईट अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. एचओई म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, आणि ९ मिमी गुणिले ८७ केलं की ७८३ येतात, इतका फरक डोळ्याला कळतही नाही. म्हणजे रूळ तुमच्याकडे बरोबर आहे, आता इंजिन.

१८९७ साली लाईन सुरू झाली तेव्हा ती उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप साहेबांनी लीड्सच्या किटसन कंपनीकडून जी इंजिनं आणली ती लांबलचक, आठ चाकं जोडलेली आणि मागे अजून चार, आणि हे एवढं सगळं का तर एका ॲक्सलवर पाच टनांच्या वर वजन नको म्हणून, हलक्या रुळांवर जास्त ॲक्सल वापरून वजन वाटून टाकायचं हीच तर त्या माणसाची सगळी कल्पना होती. तुमच्या सहा चाकी चेसिसवर ते इंजिन बसवायला गेलात तर तीच कल्पना मारली जाते आणि जाणकाराला पहिल्या नजरेत खटकतं. म्हणून माझं स्पष्ट मत, किटसनचा मोह सोडा. शंटिंगसाठी, म्हणजे स्टेशनात डबे इकडून तिकडे हलवायला, कंपनीने एखादं लहान इंजिन जुन्या बाजारातून घेतलं असतं तर ते कसं दिसलं असतं, तसं करा. काल्पनिक इंजिन चालतं, फक्त ते ज्या मुलखात पळणार तिथलं वाटलं पाहिजे.

आणि मुलूख म्हणजे काय, तर ऊन. युरोपियन मॉडेलची कॅब, म्हणजे ड्रायव्हरची खोली, बंद, काचा लावलेल्या असतात, सोलापूरच्या उन्हात ड्रायव्हर त्यात भाजून निघेल. बाजूच्या खिडक्या खाली पाण्याच्या टाकीच्या उंचीपर्यंत कापून मोकळ्या करा, मागची भिंत अर्धी ठेवा, आणि प्लास्टिकच्या पातळ शीटचं नवीन छप्पर घाला जे दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी बाहेर येईल. एवढ्याने निम्मं काम होतं, खरंच. मग पुढे मोठा हेडलॅम्प, माळेतला मणी अर्धा कापून छान होतो. इंजेक्शनच्या सुईचे तुकडे पाईप म्हणून, बॉलपेनच्या रिफिलचं पितळी टोक सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून, हँडरेलला ०.३ मिमीची पितळी तार.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कापाकापी करताना बॉडी चेसिसवरून उतरवूनच करा. मी एकदा धुरांडं कानशीने घासत होते, बॉडी काढायचा कंटाळा केला, नुसता रुमाल गुंडाळला होता. धातूची भुकटी मोटरमध्ये गेली, त्यातले लोखंडाचे कण चुंबकाला जाऊन चिकटले आणि इंजिन अडखळत चालायला लागलं, मग चिकटपट्टीच्या टोकाने एकेक कण उचलत बसले, दोन संध्याकाळी त्यात गेल्या तरी ते पहिल्यासारखं काही झालं नाही.

कापून झाल्यावर बॉडी हलकी होते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं मिळतात, ती ठोकून पातळ करा आणि टाकीत आतून चिकटवा, पण भार चाकांच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर नाक वर करून धावेल. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि मुलांना त्यापासून लांब ठेवायचं.

रंग मात्र पावसाळा संपल्यावर. दमट हवेत स्प्रे मारला की वर पांढुरकी झाक येते आणि ती नंतर जात नाही. रंग वाळला की मग जुनेपणा आणायचा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली जड पाण्याच्या क्षाराचे पांढरे ओघळ, स्मोकबॉक्सच्या (धुरांड्याखालच्या पुढच्या भागाच्या) तळाशी थोडा गंज, आणि बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कप्प्यात, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा खलबत्त्यात कुटून चाळून. तुकडे बारीक हवेत, १:८७ मध्ये वाटाण्याएवढा कोळसा म्हणजे माणसाच्या कमरेएवढा दगड होतो.

प्रश्न: याच ९ मिमीच्या रुळावर माथेरानचं इंजिन पण चालवता येईल ना? — एक वाचक, बदलापूर

उत्तर: चालेल हो, पण पटणार नाही. माथेरान दोन फुटी, ६१० मिमी, त्यामुळे १:८७ मध्ये रूळ ७ मिमी हवेत. १:७६ घेऊन ९ मिमीवर चालवणारे खूप जण आहेत, तिथेही रूळ थोडे रुंदच वाटतात, पण तेवढं आपण मान्य करतो. अगदी नेमकं बसतं ते १:१९, ३२ मिमीच्या रुळावर, गुणाकार करून बघा, ६०८ येतात. आणि माथेरानची ती सुरुवातीची, ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची इंजिनं करायची तर मोठ्या स्केलमध्येच मजा आहे, कारण वळणावर बाहेरचे ॲक्सल सरकणारी क्लीन-लिंडनर रचना हाच त्यांचा जीव आणि लहान मॉडेलमध्ये ती दाखवताच येत नाही.

प्रश्न: मग ३२ मिमीमध्ये खऱ्या वाफेवरचं तयार इंजिन घेऊन त्याला माथेरानचं रूप दिलं तर? घरात लहान मुलं आहेत. — तेच वाचक

उत्तर: जरूर द्या. कॅब, टाक्या, धुरांडं, बफर, रंग, काय हवं ते बदला. फक्त बॉयलरला हात लावायचा नाही. त्यावर भोक नाही, सोल्डरिंग नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू "जरा जास्त प्रेशर मिळेल" म्हणून तर अजिबात फिरवायचा नाही. काही जोडायचंच असेल तर बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाला किंवा फूटप्लेटला (बॉयलरखालच्या सपाट पट्टीला) जोडा. पाणी डिस्टिल्ड, तेल स्टीमचंच, आणि गॅस भरायचा तो अंगणात किंवा गच्चीवर, जवळपास समई-उदबत्ती काही पेटलेलं नसताना. चालवून झाल्यावर तासभर मुलांना हात लावू देऊ नका, विझलेलं दिसलं तरी पितळ चांगलंच तापलेलं असतं.