'तीन वर्षे काढ' असे मुलीला सांगावे का?

प्रश्न : माझी मुलगी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. अ‍ॅडमिशनच्या, म्हणजे नवे रुग्ण दाखल करून घेण्याच्या, दिवशी सकाळी सातला वॉर्डात गेलेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर परतते. फोनवर बोलता बोलता तिला झोप लागते. परवा रडत म्हणाली, "आई, मला शिकायलाच मिळत नाही गं." घरचे म्हणतात, सगळेच डॉक्टर यातून गेले आहेत, तीन वर्षे काढायची. मी तिला काय सांगू?
— एक आई, सांगली

उत्तर : 'तीन वर्षे काढ' एवढे मात्र कृपया सांगू नका. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे लक्ष आणि हालचाली रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 मध्येच दाखवून दिले आहे; तुमची मुलगी जवळपास त्याच्या दुप्पट वेळ कामावर राहून औषधांचे डोस लिहिते. मी निवासी डॉक्टर असताना एकदा पहाटे चारला अकरा नंबरच्या रुग्णाचे इन्सुलिन बारा नंबरच्या केसपेपरवर लिहिले होते. रात्रपाळीच्या सिस्टर तो कागद घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि "डॉक्टर, बाराला शुगर नाही," एवढेच म्हणाल्या. त्या बोलल्या नसत्या तर, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

नियम तिच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत सलग 12 तासांहून अधिक काम नसावे, आठवड्याला साधारण 48 तास असावेत आणि आळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीत मात्र आकडा न देता कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढेच आले, आणि हा शब्द प्रत्येक युनिट, म्हणजे विभागातला एकेका प्रमुखाच्या हाताखालचा डॉक्टरांचा गट, आपापल्या सोयीने वाचते. आयोगाच्याच कार्यदलाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली. माझ्या मते तीही जास्तच आहे.

'शिकायला मिळत नाही' हे तिचे वाक्य मला रडण्याहून गंभीर वाटते. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन देणे, रक्तपेढीच्या खिडकीशी ताटकळणे, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसले की ट्रॉली ढकलत सीटी स्कॅनला जाणे, यात तिची रात्र सरत असेल, तर सकाळच्या राउंडला सर रुग्णाच्या छातीतला आवाज ऐकवतात तेव्हा ती उभ्याउभ्या पेंगणारच. ही कामे भरल्या न गेलेल्या पदांची आहेत, तिच्या प्रशिक्षणाची नाहीत. तिला दोन आठवडे कामाचे तास आणि अशी कामे वहीत टिपायला सांगा. ती वही घेऊन तिने एकटीने नव्हे, तर बरोबरीच्या सगळ्यांसह युनिटप्रमुखांना भेटावे. तेथे दाद मिळाली नाही, तर निवासी डॉक्टरांची संघटना असलेल्या मार्डच्या प्रतिनिधींना सोबत घ्यावे.

तुमच्याकडून दोन गोष्टी व्हाव्यात. ड्यूटी संपल्या संपल्या फोन करू नका, तिला आधी झोपू द्या. आणि त्या अवस्थेत दुचाकी चालवणार नाही, हे तिच्याकडून कबूल करून घ्या. 'सगळे नकोसे झाले आहे' असे ती कधी म्हणालीच, तर विषय न बदलता, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. तो तिला द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी सांगलीहून निघा. वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा तिला नियमानेच मिळते, अर्ज नंतर करता येईल.