संमतिपत्रावर सही आहे. पण उन्हाचे कोणी सांगितले होते का?

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील आहोत. वडिलांना (वय ६१) गालाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतरही तो उलटला. मोठ्या शहरातील एका खासगी रुग्णालयात त्यांना इंजेक्शन देऊन चौथ्या दिवशी गाठीवर लेझरचा प्रकाश सोडण्यात आला. १८ एप्रिल २०२५ रोजी सुट्टी मिळाली आणि आम्ही भर दुपारी जीपने गावाकडे निघालो. रात्रीपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर फोड आले. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात अकरा दिवस राहावे लागले आणि ठरलेली केमोथेरपी लांबली. रुग्णालय म्हणते, संमतिपत्रावर तुमची सही आहे आणि डिस्चार्ज कार्डावर ‘थेट ऊन टाळा’ असे इंग्रजीत लिहिलेले आहे. निघताना नर्सबाईंनी ‘उन्हात फार फिरू नका’ एवढे म्हटले होते. उपचाराचे २ लाख ८५ हजार रुपये आम्हीच भरले. पोलिसांत जावे का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. उपचाराला दिलेली संमती ही एक, आणि घरी पाठवताना द्यावयाची सूचना ही दुसरी. रुग्णालय पहिलीचा कागद दाखवून दुसरीचे उत्तर देत आहे. उपचार करायलाच नको होता असे आपले म्हणणे नाही, आणि तसे म्हणूही नये. कर्करोग उलटल्यानंतर डॉक्टरांनी निवडलेला मार्ग चुकीचा होता हे सिद्ध करणे फार अवघड आहे. आपली बाजू भक्कम आहे ती सूचनेच्या प्रश्नावर.

याचे कारण या उपचाराच्या, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीच्या (पीडीटी), स्वरूपातच आहे. शिरेतून दिलेले औषध गाठीत साठते, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की जागे होते आणि तेथील प्राणवायूच्या साहाय्याने पेशी मारते. मात्र ते केवळ गाठीत राहत नाही, काही काळ त्वचेतही राहते, आणि त्वचेवर ऊन पडले की तेथेही तीच क्रिया सुरू होते. हा परिणाम दृश्य प्रकाशाने होत असल्यामुळे अतिनील किरण अडवणारे नेहमीचे सनस्क्रीन येथे उपयोगी पडत नाही आणि जीपची बंद काचही संरक्षण देत नाही. किती दिवस जपायचे हे औषधावर ठरते. पॉर्फिमर दिले असेल तर किमान ३० दिवस सांभाळावे लागते. टेमोपॉर्फिनमध्ये पहिले दोन आठवडे कडक असतात आणि त्यानंतर हळूहळू प्रकाशाची सवय करून घ्यायची असते.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सांगितले की उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला कळतील अशा रीतीने सांगितल्याशिवाय संमती पूर्ण होत नाही. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या धोक्यांची यादी मात्र वाचून दाखवण्याची गरज नाही. रुग्णालय या दुसऱ्या वाक्याचा आधार घेईल असे मला वाटते. त्यावर आपले उत्तर असे की प्रकाशाने त्वचा भाजणे ही अपवादाने उद्भवणारी गुंतागुंत नसून औषधाचा गुणधर्मच आहे, आणि ज्या गुणामुळे गाठ मरते त्याच गुणामुळे चेहरा भाजतो.

राहिला प्रश्न कार्डावरील ओळीचा आणि नर्सबाईंच्या वाक्याचा. या दोन्ही गोष्टी आपली बाजू काहीशी कमकुवत करतात, हे मी लपवणार नाही. तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग भरपाई कमीही करू शकतो. तथापि ‘उन्हात फार फिरू नका’ हे वाक्य एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात दारी आलेल्या पाहुण्यालाही सांगितले जाते. त्यातून हे ऊन नेहमीचे नाही, किती दिवस जपायचे, दुपारचा प्रवास करायचा की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. आपले वडील इंग्रजी वाचू शकत नाहीत हे रुग्णालयाला माहीत होते, हे दाखवता आले तर कार्डावरील ओळीचे वजन आणखी उतरेल. दाखल करतेवेळी भरलेल्या अर्जावर त्यांनी अंगठा दिला होता की सही केली होती, ते अवश्य पाहावे.

कार्डावर औषधाचे नाव नाही, फक्त ‘पीडीटी इंजेक्शन’ असे लिहिले आहे, ही बाब मला सर्वांत खटकली. चौथ्या दिवशी प्रकाश दिला यावरून टेमोपॉर्फिनचा अंदाज बांधता येतो, परंतु अंदाजावर तक्रार उभी करू नये. इंजेक्शनचे संपूर्ण कागद, नाव, मात्रा आणि बॅच क्रमांक यांची मागणी रजिस्टर पोस्टाने करा आणि पोहोच जपून ठेवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा उपचार एखाद्या चाचणीचा भाग होता का, हेही त्याच पत्रात स्पष्ट विचारा. उत्तर होकारार्थी आले तर नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ लागू होतात आणि चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार व भरपाई हा स्वतंत्र हक्क मिळतो. त्यासाठी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा आणि तज्ज्ञाचे स्वतंत्र मत अपेक्षित धरले आहे. आपले प्रकरण त्या मापात बसत नाही आणि त्यात वेळ मात्र जाईल.

आपण राहता त्या ठिकाणी, म्हणजे बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. शहरात खेटे घालण्याची गरज नाही. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष हवीच असे नाही, हे व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) ठरले आहे. तरीही अंबाजोगाईच्या त्वचारोग विभागाची नोंद आणि भाजण्याचे कारण सांगणारे त्यांचे लेखी मत जोडावे. बिले, प्रवासखर्च, लांबलेली केमोथेरपी आणि फोडांची तारखेसह छायाचित्रे सोबत द्यावीत. वडील तक्रारदार राहतील. आपण त्यांचे अधिकारपत्र घ्यावे. त्यांची प्रकृती पाहता प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवावे, हे लिहिताना जड जाते, पण पुढे वारसांना तक्रार चालवावी लागली तर तोच पुरावा उरतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत आहे. रुग्णालयाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन त्याच्या पुष्कळ आधी तक्रार दाखल करावी.