डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद नसेल तर

वडील १९७१ ला पूर्व आघाडीवर लढले आणि डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवानोंदींच्या पुस्तकात) ‘पूर्वी स्टार’ या त्या आघाडीच्या पदकाची नोंद नाही, म्हणून थेट दिल्लीला पत्र धाडू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर त्यांचे कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात. अर्ज तिथेच करा, वडिलांच्या सहीने: आर्मी नंबर, हुद्दा, बटालियन, सेवेचा काळ आणि नेमकं कोणतं पदक राहिलंय ते. ‘राहिलेली सगळी पदकं द्या’ असलं मोघम काही नको. पदकाची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैनिकाच्या सेवेतल्या नोंदींसाठी निघणाऱ्या लष्करी आदेशाने होते; तिचा क्रमांक आणि तारीख जुन्या कागदांत सापडली तर निम्मं काम झालं. मूळ बुक टपालाने पाठवू नका, साक्षांकित झेरॉक्स जोडा. मसुद्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. आणि हो, बाजारातून पदक आणून लावलं म्हणजे नोंद झाली असं नाही!