ऑस्कर मिळाल्यावरही हॉलिवूडची नटी डॉना रीड टीव्हीकडे का वळली?

कारण ऑस्करनंतर रोलच धड मिळेनात. आयोवातल्या शेतकरी घरातली मुलगी, १९४१ पासून एमजीएम या फिल्म स्टुडिओच्या करारावर, १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये जेम्स स्टुअर्टची बायको, म्हणजे इमेज एकदम साधी सोज्वळ अशी झालेली. मग 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'त तिने क्लबात काम करणारी बाई केली, अगदी उलटा रोल, आणि त्यालाच सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं १९५४ ला. पण नंतर परत तेच, हिरोची बायको नाहीतर वेस्टर्न म्हणजे काउबॉय सिनेमातली हिरॉइन.

म्हणून १९५८ ला स्वतःच्या नावाचा शो, 'द डॉना रीड शो', नवरा टोनी ओवेन प्रोड्युसर. एबीसी या अमेरिकन चॅनेलवर १९६६ पर्यंत चालला म्हणजे ८ सीझन, काही कमी नाही. त्यातल्या रोलमुळे लोक आदर्श गृहिणी म्हणून हिणवतात पण सेटवर हिचा शब्द चालायचा हे विसरतात. नंतर व्हिएतनाम युद्धाविरुद्धही उतरली.

शेवटी १९८४ ला 'डॅलस' या टीव्ही मालिकेत मिस एलीचा रोल, एका सीझननंतर काढलं तर सरळ कोर्टात गेली, १० लाख डॉलरच्या वर घेऊन सेटलमेंट केली. १९८६ च्या जानेवारीत कॅन्सरने गेली बिचारी, ६५ व्या वाढदिवसाच्या थोडं आधी.