ताब्याच्या खटल्यात समुपदेशक मुलाशी बोलणार आहेत. काय बोलायचं ते त्याला आधी शिकवून ठेवावं का?

अजिबात शिकवू नका. पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं आणि ते तुमच्यावरच उलटतं. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. सात वर्षांचं पोर ‘बाबा जबाबदारी घेत नाहीत’ असं मोठ्यांचं वाक्य बोललं की समुपदेशक थबकतात. ते पाहतात ते साधंच असतं: डबा कोण भरतं, तापात रात्री कोण जागतं, दुसऱ्या पालकाचा फोन आला की घरातले चेहरे कसे होतात. हे शेवटचं फार बोलकं असतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार जाणत्या मुलाची पसंती न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, पण ती बंधनकारक नसते. मात्र मारहाणीची किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर थांबू नका, वकिलांना आजच सांगा.