गायी नंतर, आधी चारा

मित्रा, एकदम दहा गायी आणू नकोस. दोन-तीन घे, आणि त्याआधी चाऱ्याची सोय लाव. मका दाणे चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही अशी दाबून भरलीस की साधारण दीड महिन्यात मुरघास, म्हणजे मुरवून टिकवलेला हिरवा चारा, तयार होतो. दाबण्यात कसर राहिली तर बुरशी धरते, आणि तसला मुरघास गाभण गाईला अजिबात घालायचा नाही.

मुक्त गोठ्याचं सध्या सगळीकडे कौतुक चाललंय, ते योग्यच आहे. गाय मोकळी फिरली की माजही, म्हणजे ती फळायला तयार झाल्याचंही, लवकर लक्षात येतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. लिंगनिर्धारित रेतमात्रेने, म्हणजे मादी वासरासाठी निवडलेल्या वीर्याने, बहुतेक कालवडीच होतात, पण गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. म्हणून ती तरण्या, निरोगी जनावरालाच वापर.

धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडव आणि लगेच गव्हाणीत चारा टाक, म्हणजे गाय उभी राहील. सडाची छिद्रं अर्धा तास तरी उघडी असतात, तेवढ्यात गाय शेणात बसली की कासदाह, म्हणजे कासेची सूज, आलाच. गाभण गाय विण्याआधी दोन महिने आटव, म्हणजे तिची धार काढणं थांबव. दुधाचा मोह सुटत नाही, माहीत आहे मला! आणि हो, वासराला पहिल्या तासाभरात चीक, म्हणजे गाय व्याल्यावरचं पहिलं दूध, पाज.